घरच्या घरी पुढच्या चाकाचा कॅम्बर कसा सुधारायचा

पावसाळा संपला की इंदूरमधे ज्याच्या त्याच्या गाडीचं एकच रडगाणं, गाडी एका साईडला ओढतेय आणि पुढचा टायर फक्त आतल्या कडेने झिजलाय. अलाइनमेंटला नेली की बऱ्याचदा नुसता टो, म्हणजे वरून बघताना चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते, सेट करून देतात आणि सांगतात की या गाडीत कॅम्बर, म्हणजे समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर झुकाव, ॲडजस्ट होतच नाही. ते अर्धंच खरं आहे. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) असतो, कंपनीने त्यात वेगळी ॲडजस्टमेंट दिलेली नसते, पण स्ट्रट आणि नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा लोखंडी भाग) जिथे दोन बोल्टांनी जोडलेत तिथे काम करता येतं.

चाक वरून आत झुकलं तर निगेटिव्ह, बाहेर झुकलं तर पॉझिटिव्ह. नेमका आकडा मॅन्युअलमधे बघा, साधारण शून्य ते उणे १ डिग्रीच्या आसपास असतो, आणि डावी-उजवीत अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त फरक नको कारण ज्या बाजूला पॉझिटिव्ह जास्त तिकडे गाडी ओढते.

आता मोजणं, आणि माझ्या मते निम्मं काम इथेच आहे. आपल्या घरांच्या पोर्चला पाणी वाहून जायला ढाळ दिलेला असतो, डोळ्यांना दिसत नाही पण मापात चूक घुसवतो. म्हणून गवंडी वापरतात ती पाण्याची ट्यूब घ्या, दोन्ही पुढच्या चाकांच्या जागा तपासा आणि जी खाली असेल तिथे प्लायचे तुकडे ठेवा. ट्यूब नसेल तर एकदा मोजून गाडी उलट तोंडाने त्याच जागी लावा, परत मोजा आणि प्रत्येक चाकाच्या दोन मापांची सरासरी काढा, ढाळ आपोआप वजा होतो. मोजण्याआधी दोन्ही टायरांत हवा सारखी, डिकी रिकामी, स्टिअरिंग सरळ.

फेंडरच्या कडेला टेपने ओळंबा लटकवा, दोरा चाकाच्या मधोमध आला पाहिजे आणि टायरला टेकायला नको, टेकत असेल तर दोऱ्यामागे लाकडाचा छोटा तुकडा घालून तो बाहेर काढा. आता दोऱ्यापासून रिमच्या वरच्या कडेपर्यंत आणि खालच्या कडेपर्यंत स्टीलच्या पट्टीने मिलिमीटरमधे अंतर घ्या. वरचं जास्त आलं तर निगेटिव्ह. दोन्हींचा फरक भागिले त्या दोन कडांमधलं उभं अंतर, गुणिले ५७.३, झाली डिग्री. म्हणजे कडांमधे ३९० मिमी असेल आणि फरक ७ मिमी आला तर जवळपास १ डिग्री.

पाना लावण्याआधी कारण शोधा. चाक उचलून १२ आणि ६ वाजताच्या जागी धरून हलवा, खडखड वाटली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलाय. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) रबरी बुश फाटलाय का, स्ट्रट वाकलाय का, वरचं माउंट दबलंय का हे बघा. खड्ड्यात आपटून स्ट्रट वाकला असेल तर तो बदलायचा, वाकलेल्या पार्टवर बोल्ट फिरवून माप जुळवणं मला अजिबात मान्य नाही, ब्रेक मारताना तोच पार्ट तुमचा भार घेतो.

सगळं ठीक असेल तर इंदूरच्या सियागंज बाजारात किंवा ऑनलाईन तुमच्या गाडीच्या साईझचा कॅम्बर बोल्ट घ्या, तो मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो आणि मधला भाग एका बाजूला फुगीर, त्यामुळे फिरवला की नकल आत-बाहेर सरकते. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड किंवा विटेची ओट लावा, व्हील नट जमिनीवरच ढिले करा, जॅक लावून गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) बसवा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका भाऊ, खरंच नको.

चाक काढल्यावर स्ट्रटवरची ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर क्लिपमधून सोडा, बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारून थोडा वेळ थांबा, स्ट्रटवर खडूने मूळ जागेची खूण करा. नकलला खालून ओंडका द्या, नाहीतर ती बाहेर झुकून ड्राइव्हशाफ्टचा जॉइंट आणि नळी ताणते. बोल्टचं डोकं धरून नट फिरवा, काही बोल्टांना दाते असतात, डोकं फिरवलं तर भोक खराब होतं. खालचा फक्त ढिला करायचा, वरचा काढून तिथे कॅम्बर बोल्ट, पाहिजे त्या दिशेला फिरवायचा आणि मग खालचा मॅन्युअलमधल्या टॉर्कने आणि बारीक कॅम्बर बोल्ट त्याच्यासोबत दिलेल्या टॉर्कने आवळायचा, त्यासाठी टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) कुठूनही मागून आणा. नळी आणि वायर परत क्लिपमधे बसवा.

चाक लावा, गाडी खाली घ्या, चार-पाच मीटर पुढेमागे ढकला म्हणजे सस्पेन्शन बसेल, मग परत मोजा. पहिल्याच फेरीत जमेल असं नाही.

कॅम्बर हलला की टो पण हलतो, त्यामुळे लगेच अलाइनमेंटवर जाऊन टो सेट करून घ्या, तिथवर हळू चालवा. शंभरेक किलोमीटर झाले की दोन्ही बोल्टांवर परत टॉर्क रेंच लावून बघा.