कुणाला पाडलं ते कळलं, पण कधी? बॉक्सर जोखताना या चुका टाळा

कुंडलचं कुस्तीचं मैदान बघून वडापनं (शेअर जीपनं) परतताना वाद एकच असतो: जोड बरोबरीची होती का? समोरचा कच्चा निघाला की जिंकलेल्याचा फेटाही फिका. आम्ही सांगलीकर हाच हिशेब मोबाईलवरच्या बॉक्सिंगलाही लावतो. लावावा की, पण चुकतो फार.

मी स्वतः चुकलोय. बॉक्सर रॉकी मार्सियानो, ४९ लढती, ४९ विजय, त्यात माजी जगज्जेत्या जो लुईलाही पाडलेलं, असं तालमीत ऐटीत सांगितलं. वस्ताद लंगोट वाळत घालत होते. मान न वळवता म्हणाले, "लेका, तवा त्येचं वय किती हुतं, ते सांग की." साल १९५१. लुई ३७ वर्षांचा, निवृत्तीनंतर थकलेल्या करापायी परत रिंगणात उतरलेला. तसंच १९८० मध्ये लॅरी होम्सनं मुहम्मद अलीला हरवलं तेव्हा अली ३८ चा, दोन वर्षं एकही लढत न खेळलेला. १९८८ मध्ये माईक टायसननं होम्सला झोपवलं, तेव्हा होम्सही ३८ चाच!

तेव्हा नावापुढे त्या दिवसाचं वय लिहा, आधीच्या दोन वर्षांतल्या लढतीही लिहा. पण नुसत्या वयावर निकाल देऊ नका. १९५२ मध्ये मार्सियानोसमोर उभा राहिलेला जगज्जेता जर्सी जो वॉलकॉटही ३८ चा होता. त्यानं पहिल्याच राऊंडला मार्सियानोला खाली बसवलं, बारा राऊंड संपले तेव्हा गुणांत तोच पुढे होता. तेराव्यात एक उजवा हात बसला आणि खेळ खलास. हा विजय लुईवरच्या विजयापेक्षा कितीतरी वजनदार, असं माझं मत.

उलटी चूकही होते. हरला की लगेच "त्यात दम नव्हताच". १९७४ ला किन्शासात अलीसमोर उतरला तेव्हा जगज्जेता जॉर्ज फोरमन ४० पैकी ४० जिंकलेला होता, ३७ नॉकआऊट. अलीनं त्याला आठव्या राऊंडला पाडल्यावर तो एका रात्रीत पोकळ कसा झाला? जोखायचं ते आदल्या दिवसाच्या फोरमनला.

साखळीचं गणित तर मांडूच नका. केन नॉर्टननं अलीचा जबडा मोडून लढत जिंकली, फोरमननं नॉर्टनला दोन राऊंडांत संपवलं, आणि अलीनं फोरमनला. बसा आता बेरीज करत.

आणि हरलेल्या लढतींवर काट मारू नका. गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकात ब्राँझ जिंकले, पण दोघांकडून हरले. त्यातल्या एकानं सुवर्ण नेलं, दुसऱ्यानं रौप्य.