पाणीपट्टीचे दर ठरवताना या चुका टाळा

अंदाजपत्रकाचे दिवस आले की नगरपरिषदांमधून हमखास एक निरोप येतो: "शुक्रवारी सभा आहे, तेवढा पाणीपट्टीचा प्रस्ताव करून द्या." शेजारच्या गावचा ठराव उचलायचा, नाव बदलायचं, दहा टक्के वाढवायचे, झालं काम. मला या घाईची मनापासून चीड आहे, कारण चुकलेला दर पुढे कितीतरी वर्षं गावाच्या मानगुटीवर बसतो.

उचललेल्या पाण्याने भागाकार करणं

सगळ्यात महाग चूक हीच. समजा, गाव रोज ५० लाख लिटर पाणी उचलतं, म्हणजे वर्षाला १८ लाख २५ हजार घनमीटर (एक घनमीटर म्हणजे हजार लिटर). वर्षाचा खर्च २ कोटी १९ लाख. भागाकार केला की घनमीटरला १२ रुपये येतात आणि सगळे खूश होतात. पण गळती, चोरून घेतलेले नळ आणि बंद मीटर वजा जाता ६० टक्के पाण्याचंच बिल निघत असेल, तर तोच दर २० रुपये होतो. त्यातली वसुली ८० टक्केच असेल तर २५.

एका नगरपरिषदेत तर उपसाही मोजलेला नव्हता. पंपाच्या पाटीवरचा प्रवाह घेऊन त्याला २४ तासांनी गुणलं होतं. प्रत्यक्षात वीज जायची, पंप तापायचा, रात्री तो बंदच असायचा. कागदावर भरपूर पाणी दिसलं, दर कमी निघाला, ठराव एकमताने मंजूर झाला. पुढच्या दिवाळीपर्यंत वीजबिल इतकं थकलं की जोडणी तोडण्याची नोटीस आली आणि गावाला चार दिवसांआड पाणी मिळू लागलं. लोकांच्या शिव्या खाल्ल्या गल्लोगल्ली पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमननी, ज्यांना प्रस्ताव करताना कुणी एक शब्दही विचारला नव्हता. नंतर दर सुधारला, तेव्हा लोकांना ती फसवणूकच वाटली. नियमाने भरणाऱ्यांनीही हात आखडता घेतला.

म्हणून एक्सेल उघडण्याआधी मी जॅकवेलचं (धरण-नदीतून पाणी उचलणाऱ्या विहिरीचं) लॉगबुक आणि बारा महिन्यांची वीजबिलं मागवतो. एका महिन्याचं बिल चालत नाही. उन्हाळ्यात धरणाची पातळी उतरली की पंपाला पाणी जास्त उंच चढवावं लागतं. बिलातल्या युनिटवरून पंपाचे तास ताडून बघतो. मग कुणाला किती बिल लावलंय ते सांगणारं मागणी रजिस्टर, आणि शेवटी व्हॉल्व्हमनबरोबर गावातून एक फेरी. याला वेळ लागतो. तो द्यायचा नसेल तर दर ठरवूच नयेत.

सगळी गळती प्रामाणिक ग्राहकाच्या बिलात घालावी, असं मात्र मी कधीच सुचवत नाही. केंद्राच्या २००८ च्या सेवा मानकांत बिलाबाहेरच्या पाण्याची मर्यादा २० टक्के आहे. तेवढं दरात धरा. उरलेली तूट सर्वसाधारण निधीतून भरतो आहोत, असं ठरावात स्पष्ट लिहा, म्हणजे दरवर्षी सभेला तो आकडा बघावा लागेल.

एका नळामागे एकच घर धरणं

जास्त वापराला जास्त दर, असे टप्पे ठरवताना ही चूक होते. रोज दरडोई १३५ लिटरने पाच माणसांच्या घराला महिन्याला साधारण २० घनमीटर पाणी लागतं. जुन्या वाड्यात एका नळावर चार बिऱ्हाडं असली की मीटर ८० दाखवतो, आणि बंगल्यातल्या बागेसाठी ठेवलेला वरचा दर धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या बिलात येतो. हा अन्याय मी फार ठिकाणी पाहिलाय. उपाय सोपा आहे: बिऱ्हाडं मोजा आणि टप्प्याची मर्यादा त्या संख्येने गुणा. वरचा दर फक्त मर्यादेपलीकडच्या पाण्याला लावा, सगळ्या वापराला नाही.

कराडजवळच्या मलकापूरने मीटर आणि चढत्या टप्प्यांच्या जोरावर चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. मीटर न बसवता त्यांचे टप्पे ठरावात उतरवून घेणाऱ्यांनी आधी मीटर बसवावेत.

सांडपाणी आणि पावसाचं पाणी

सांडपाण्याचं शुल्क पाणीबिलाच्या टक्केवारीत घेणं सोयीचं असतं. मुंबईत ते ७० टक्के आहे. पण बोअरवेलवर आणि टँकरवर चालणारी हॉटेलं, मंगल कार्यालयं यातून अलगद सुटतात. वापरलेल्या पाण्याचं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं, त्या हिशेबाने त्यांची वेगळी आकारणी करा. सेप्टिक टँक असलेल्या घरांकडून गटारजोडणीचे पैसे घेऊ नका. टाकी उपसण्याचं शुल्क वेगळं ठेवा.

नालेसफाईचं बिल पाणीपुरवठ्याच्या खात्यात टाकायची सवय तर तातडीने मोडायला हवी. पावसाचं पाणी गच्ची, फरशी आणि काँक्रीटवरून नाल्यात येतं, नळाशी त्याचा संबंध नाही. जर्मनीतल्या शहरांत अशा झाकलेल्या क्षेत्रफळावर वेगळं शुल्क घेतात. आपल्याकडे तशी पट्टी सहसा नसते, तेव्हा हा खर्च मालमत्ताकरातूनच दाखवा.

आणखी काही

शेजारच्या गावाचा दर घेऊ नका. त्यांचं पाणी उताराने येत असेल, तुमचं दोनदा पंप करावं लागत असेल.

पंप बदलण्यासाठी दरवर्षी रक्कम बाजूला काढा.

जलसंपदा विभागाकडून घेतलेल्या कच्च्या, म्हणजे शुद्ध न केलेल्या पाण्याचं बिल थकलेलं असलं तरी खर्चात धरा.

दहा वर्षं दर गोठवून अकराव्या वर्षी दुप्पट करू नका. मुंबई महापालिकेने २०१२ मध्ये दरवर्षी ८ टक्क्यांपर्यंत वाढीची तरतूद करून ठेवली. अशी लहान, आधी सांगितलेली वाढ लोक सोसतात.