सड्यावरची कातळशिल्पे पायी कशी पाहावीत

कोकणच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, कोरलेल्या कातळशिल्पांपैकी नऊ स्थळे 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत आली. त्यांतील राजापूर तालुक्यातले देवाचे गोठणे पहिल्या पायी भेटीसाठी मला सर्वांत योग्य वाटते, कारण तेथे गावातल्या भार्गवरामाचे दर्शन घेऊन थेट सड्याची चढण धरता येते.

निघण्याची वेळ उन्हावरून ठरवावी. जांभ्यात कोरलेल्या या रेषा उथळ आहेत. ऊन तिरपे असताना रेषेच्या कडेला सावली धरते आणि आकृती उठून दिसते, परंतु सूर्य माथ्यावर आला की तोच कातळ एकसारखा भासू लागतो आणि शिल्पाच्या काठाशी उभे राहूनही ते सापडत नाही. संध्याकाळचे ऊनही तिरपेच असते, मात्र उतरताना अंधार गाठतो. म्हणून उजाडताच चढावे. सड्यावर सावली नाही, पाणीही बहुधा मिळत नाही आणि कातळ लवकर तापतो, तेव्हा पाणी व टोपी बरोबर हवीच.

भाद्रपदात सीतेची आसवे फुलतात तेव्हा सडा सर्वांत देखणा असतो, पण त्या दिवसांत रेषांवर पाणी आणि गवत असते, पायाखाली शेवाळ असते. शिल्पे नीट पाहायची असतील तर मार्गशीर्ष ते माघ हा काळ निवडावा.

वर पोहोचल्यावर सगळ्या दिशा सारख्याच वाटतात. सडा कोणाच्या तरी मालकीचा असतो, म्हणून वाडीत विचारून, शक्यतो तिथल्याच माणसाला सोबत घेऊन जावे आणि वाटेतल्या गडग्यांचे (दगडी कुंपणांचे) चिरे ढासळू देऊ नयेत. होकायंत्रावर मात्र विसंबू नये: येथील मनुष्याकृतीजवळ त्याची सुई उत्तर सोडून भरकटते. ते अवश्य न्यावे आणि कातळावर ठेवून स्वतः पाहावे.

शिल्पाजवळ पादत्राणे काढावीत आणि कडेकडेने फिरावे. फोटो स्पष्ट यावा म्हणून रेषांत खडू, चुना किंवा रंग भरणे हा मी अपराधच मानतो. कोकणातील या शिल्पांत शेतीचे चित्रण आढळत नाही, म्हणून ती शिकारीवर जगणाऱ्या माणसांनी कोरली असावीत, असे अभ्यासक मानतात. इतक्या जुन्या हातांची रेघ एका फोटोसाठी बिघडवण्याचा हक्क कोणालाही नाही. आकृती पूर्ण कळण्यासाठी तिला सावकाश प्रदक्षिणा घालावी आणि प्रत्येक बाजूने थांबून पाहावे.

राजापूर तालुक्यातल्याच काशेळी गावच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद असून त्याच्या अंगातच अनेक प्राणी व जलचर कोरलेले आहेत. ते एकेक ओळखायला पुष्कळ वेळ लागतो, शिवाय त्याच गावातले कनकादित्याचे मंदिरही पाहण्याजोगे आहे. म्हणून काशेळीसाठी दुसरी सकाळ राखून ठेवावी.