रात्रीची झोप दिवसा खुर्चीत संपते तेव्हा

सत्तरीनंतर रात्री दोनला जाग येत असेल, तर गोळीआधी दिवस तपासा. टीव्हीसमोर तासन्तास पाय खाली सोडून बसलं की पायांत पाणी साठतं. आडवं झाल्यावर ते रक्तात परततं आणि लघवीला उठवतं. वर दुपारच्या डुलक्या.

लागू पडलं ते असं. सकाळी कोवळ्या उन्हात ३० मिनिटं चालणं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगानं, आठवड्यातून ५ दिवस. मात्र फिरून आल्यावर दिवसभर सोफा धरला, तर फायदा कमी होतो. दर जाहिरातीला उठावं. हात न टेकता खुर्चीतून ५ ते १० उठाबशा. गुडघे कुरकुरले तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवावी. वामकुक्षी २० मिनिटं, तीनच्या आत, गजर लावूनच. घोरताना श्वास अडकत असेल किंवा पायांची सूज हटत नसेल, तर आधी डॉक्टर.