परिपूर्ण आणि मित्र संख्या: भागाकार टाळा

स्वतःखेरीज बाकी विभाजकांची बेरीज संख्येएवढीच आली तर ती परिपूर्ण; एकीची अशी बेरीज दुसरी आणि दुसरीची पहिली आली तर त्या मित्र संख्या. त्या प्रोग्रामने शोधताना प्रत्येक संख्येला भागत बसण्यापेक्षा विभाजकांची बेरीज ॲरेत (क्रमांक दिलेल्या घरांच्या यादीत) साठवा. मर्यादा १२०० असेल तर १२०१ घरे (क्रमांक ० ते १२००) घ्या, सगळ्यांत ०. मग १ ते ६०० मधला प्रत्येक विभाजक त्याच्या पटींच्या घरांत मिळवा: ७ असेल तर १४, २१, २८… पटींची ही फेरी (लूप) दुपटीपासूनच सुरू करा, नाहीतर संख्या स्वतःच मिळवली जाते, ६ ची बेरीज १२ येते आणि एकही परिपूर्ण संख्या सापडत नाही.

बेरीज घराच्या क्रमांकाएवढी आली की संख्या परिपूर्ण: ६, २८, ४९६. मित्रजोडीसाठी अ ची बेरीज ब, ब ची अ, आणि अ < ब ही अट हवीच. ती नसेल तर २२०–२८४ दोनदा छापले जाते, शिवाय ६ स्वतःचाच मित्र ठरतो!

खरी गफलत ॲरेच्या टोकाला होते. ११८४ चा जोडीदार १२१० ॲरेबाहेर पडतो, म्हणून ब मर्यादेपलीकडे गेल्यास त्याची बेरीज वेगळी काढा.