पाद्रे गार्सियाच्या गुरांच्या बाजारात या चुका टाळा

फिलिपाइन्समध्ये बातांगास प्रांतात, लिपा शहराच्या पुढे पाद्रे गार्सिया नावाचं गाव आहे. 1949 पर्यंत ते शेजारच्या रोसारिओचा भाग होतं. फिलिपाइन्सचे राष्ट्रनायक लेखक होसे रिझाल यांच्या कादंबरीवर स्पॅनिश पाद्री तुटून पडले, तेव्हा तिची बाजू घेणारे फिलिपिनो धर्मगुरू विसेंते गार्सिया यांचं नाव या गावाला दिलेलं आहे. पण देशभर गाव ओळखलं जातं ते गुरांच्या बाजारासाठी. मिंदोरोहून, बिकोलहून, मासबाते बेटावरून ट्रक भरभरून जनावरं इथं येतात आणि इथून लुझोनभर, म्हणजे मनिला ज्यावर आहे त्या मोठ्या बेटावर, पांगतात. टागालोगमध्ये गाईबैलाला 'बाका' म्हणतात, आणि गावाचा उत्सवही 'काबाकाहान', म्हणजे गुरांचाच.

माझं लहानपण जत-सांगोल्याच्या बाजारात गेलं आणि सासुरवाडी या गावापासून अर्ध्या तासावर आहे. त्यामुळे मनिलात नोकरी करणाऱ्या मराठी मित्रांचे फोन मलाच येतात. कुणाच्या बायकोच्या माहेरी गोठा असतो, कुणाला चार शेळ्या पाळायच्या असतात. "शनिवारी सकाळी जाऊ, दुपारी परत." हे वाक्य ऐकलं की मला पुढचं सगळं दिसायला लागतं. तीच घाई, त्याच चुका. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो.

कागद न वाचता पैसे मोजणं

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिची झळ दुसऱ्याला बसली. म्हणून सगळ्यांत आधी हीच.

इथं गाय, बैल, म्हैस, घोडा अशा प्रत्येक मोठ्या जनावराच्या मालकीचा दाखला असतो. गुरेचोरीविरुद्ध 1974 साली निघालेला राष्ट्राध्यक्षांचा हुकूम, क्रमांक 533, आजही पाळला जातो. जनावर सहा महिन्यांचं व्हायच्या आत त्याची नोंद नगरपालिकेच्या खजिनदाराकडे करावी लागते. विकलं की मालकी बदलल्याचा वेगळा दाखला लागतो. दुसऱ्या प्रांतात न्यायचं तर पोलिसांची परवानगी लागते, पशुवैद्याचा दाखलाही लागतो. आणि याच कायद्यात एक कलम आहे, ते प्रत्येकाने ध्यानात ठेवावं: मागितल्यावर कागद दाखवता आले नाहीत, तर तुमच्या हातातलं जनावर चोरीचं आहे असं प्रथमदर्शनी धरलं जातं. ते चोरीचं नाही हे मग तुम्ही सिद्ध करायचं.

दाखल्यावर जनावराचं वर्णन असतं. तापल्या लोखंडाचा डाग कुठं दिलाय, कसला दिलाय, अंगावर केसांचे भोवरे कुठं आहेत. आपल्याकडे भोवरा बघतात तो शुभ-अशुभासाठी. लहानपणापासून ते ऐकून ऐकून मी भोवऱ्याकडे लक्ष देणंच सोडलं होतं. इथं भोवरा म्हणजे जनावराचा अंगठा आहे, ओळख पटवायची खूण.

सहा वर्षांपूर्वी आम्ही एक तांबडा खोंड घेतला. दाखल्यावर डाग उजव्या मांडीवर होता, खोंडालाही तिथंच होता. कागदावर दोन भोवरे लिहिले होते, एक कपाळावर, एक डाव्या खांद्यावर. मी कपाळ पाहिलं, मान डोलावली, पैसे दिले. पाऊस भुरभुरत होता आणि ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. वाटेत पोलिसांनी थांबवलं. त्यातल्या एका शिपायाने दाखला वाचला, ट्रकच्या फळीवर चढला आणि खोंडाच्या ओल्या खांद्यावरून पंजा फिरवला. मग पुन्हा फिरवला, केसांच्या उलट्या दिशेने. भोवरा नव्हता.

परदेशी म्हणून मला इथं जमीन घेता येत नाही. गोठा सासऱ्यांचा, त्यामुळे जनावरं त्यांच्याच नावावर. तातय, म्हणजे माझे सासरे, तेव्हा सत्तरीत होते. उभ्या आयुष्यात कुणाचं दावं चोरलेलं नाही असा माणूस चार तास पोलीस ठाण्याच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला. खोंड बाहेर ट्रकमध्ये तापत होता. संध्याकाळी दलालाने विकणाऱ्याला शोधून आणलं तेव्हा उलगडा झाला. त्याने एकाच डागाचे दोन तांबडे भाऊ त्या दिवशी विकले होते आणि दाखले अदलाबदल झाले होते. चोरी कुणाचीच नव्हती. तातय मला एक शब्द बोलले नाहीत, आणि ते मला अजून लागतं.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. दाखला डाव्या हातात, उजवा हात जनावरावर. कागदावर लिहिलेली प्रत्येक खूण बोटाने शोधतो आणि ती सापडल्यावरच पुढची ओळ वाचतो. अंग ओलं असेल तर फडक्याने पुसून घेतो. डाग केसांत बुजला असेल तर तिथले केस पाण्याने चोपून बसवतो, रेघ वर येते. मागे कितीही हॉर्न वाजू देत. "कागद मागाहून पाठवतो" म्हणणाऱ्याचं जनावर कितीही देखणं असलं तरी मी कासऱ्याला हात लावत नाही. यात मधली वाट नाही आणि ती सुचवणाऱ्याशी माझं जमतही नाही.

भरल्या पोटाला भुलणं

इथं बरेच सौदे 'तांतिया'वर होतात. तांतिया म्हणजे अंदाज. व्यापारी लांबूनच नजर टाकून किलो सांगतो, आणि वर्षानुवर्षं हेच करणाऱ्याचा अंदाज काट्याच्या फार जवळ जातो. तुमचा जाणार नाही. माझाही जात नाही, आणि मी बैलांच्या शेपट्या धरून मोठा झालोय.

मी पहिल्यांदा एकट्याने घेतलेला बैल तीनशे किलोचा म्हणून घेतला. पहाटेचा गारवा होता, बैल तुकतुकीत दिसत होता, पोट ढोलासारखं. घरी आणून बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर डाव्या कुशीत वाटी ठेवावी एवढा खड्डा. आदल्या पहाटे त्याला मीठ चारून पाणी पाजलं होतं. खुणा माझ्या डोळ्यांसमोरच होत्या. शेण पातळ पडत होतं, नाकाखाली सुकलेली पांढरी रेघ होती, आणि बैल रवंथ करत नव्हता, नुसता उभा होता. तातयनी टेप मागवला. छाती 150 सेंटिमीटर, खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी 120.

हिशेब सोपा आहे. छातीच्या घेराला घेरानेच गुणा, मग लांबीने गुणा, आणि येईल त्याला 10840 ने भागा. सगळी मापं सेंटिमीटरमध्ये घेतली की उत्तर किलोत येतं. आमचं आलं 249. म्हणजे मी पन्नास किलो पाण्याचे आणि हवेचे पैसे दिले होते. त्यात जनावर कापल्यावर मांस म्हणून हाती येतं ते जिवंत वजनाच्या निम्म्याच्या आसपास. हे धरून भाव केला नसेल, तर खाटकाला विकताना सगळं गणित उलटं पडतं.

शिंप्याचा कापडी टेप माझ्या खिशात कायम असतो. घेर समोरच्या पायांच्या लगेच मागून, वशिंडाच्या मागे घ्या. जनावर मान खाली घालून उभं असेल तर माप चुकतं, थोडं थांबा, मान वर येऊ द्या. आणि जमलं तर आदल्या संध्याकाळीच बाजारात जा. ट्रक उतरताना जनावर जसं दिसतं तसं ते असतं. दमलेलं, धुळीने माखलेलं, रिकाम्या पोटाचं. तेव्हा जे चांगलं वाटलं ते सकाळीही चांगलंच असतं. एक रात्र लिपात काढायला लोकांना जड जातं, पण वर्षभर चारा घालायला जड जात नाही, याचं मला नवल वाटतं.

खिलारी डोळ्याने बघणं

वशिंड, गळ्याखाली लोंबणारी कातड्याची पोळी आणि लांब कान पाहून आपल्या माणसाला इथली गुरं घरची वाटतात. नातं खरंच आहे. इथं दिसतात त्यांतली पुष्कळ जनावरं ब्राह्मन रक्ताची, आणि ही जात अमेरिकेत घडली ती आपल्याकडच्या गीर, ओंगोल, कांकरेज आणि कृष्णाखोरी जनावरांच्या रक्तातून. पण आपण बैलात चाल बघतो, शिंगांची ठेवण, पायाची चपळाई बघतो. इथं बैल मांसासाठी घेतात. पाठ रुंद आहे का, मांडी आतून भरलेली आहे का, हाडं मोठी असून अंग भरायचं बाकी आहे का, हे बघा. ताठ मानेचा, डोळे वटारणारा खोंड शर्यतीला शोभेल, गोठ्यात तो चारा खाऊन भीतीनेच आटतो. शांत जनावर घ्या.

दात मात्र सगळीकडे सारखेच. आदत, दुसा, चौसा, म्हणजे पक्के दात अजून नाहीत, दोन आलेत की चार, हे ज्याला कळतं त्याला इथं कुणी वयात फसवू शकत नाही. तोंड उघडून बघा, नुसतं "दोन वर्षांचा आहे" ऐकून घेऊ नका.

गावाकडचे बूट घालून येणं

यावर मी रागावतो आणि रागावणारच. फिलिपाइन्सने वर्षानुवर्षं कष्ट करून लाळ्या-खुरकूत घालवली. 2011 पासून सगळा देश लस न टोचता त्या रोगापासून मुक्त मानला गेला. आपल्याकडे तो रोग अजून आहे. दिवाळीत गावी जाऊन, गोठ्यात फिरून आलेले बूट चढवून आठवड्याभरात इथल्या बाजारात उतरणारी माणसं मी पाहिली आहेत. तळव्याच्या खाचेत शेण सुकलेलं. या बाजारातून जनावरं लुझोनभर जातात, इथं रोग शिरला तर कुठवर जाईल याचा विचार करा. ज्याच्या दारात एकच गाय आहे त्याचं सगळं वर्ष त्यात जाईल. बाजारासाठी इथंच रबरी बूट घ्या आणि ते इथंच ठेवा. डुकरांच्या बाजूला जाऊन आलात तर घरी शिरण्याआधी बूट धुवा. आफ्रिकन स्वाइन फीव्हरने 2019 पासून या देशातले किती गोठे रिकामे केले ते इथल्या कुणालाही विचारा.

थोडक्यात बाकीच्या

भाव विचारताना "हो" लावा. बातांगासमध्ये आदराने बोलताना 'हो' म्हणतात, आपल्या "सांगा हो"मधल्यासारखाच. "माग्कानो हो?" म्हणजे "कितीला हो?". मनिलाचं 'पो' चालतं, पण 'हो' ऐकलं की समोरचा माणूस सैल होतो.

पहाटेच्या पहिल्या गिऱ्हाइकाला इथं 'ब्वेना मानो' म्हणतात, म्हणजे आपली भवानी. भवानीच्या वेळी घासाघीस करून न घेताच निघून जाऊ नका, माणूस मनापासून दुखावतो.

स्वतःचा कासरा न्या. विकत घेतल्यावर जुना दोर मालक काढून घेतो.

गाडी आधी ठरवा, जनावर नंतर.

'पायवी'वर, म्हणजे आपल्या अर्धलीसारखं, जनावर दुसऱ्याकडे सांभाळायला देणार असाल तर वासरू कुणाचं, दगावलं तर नुकसान कुणाचं, औषधाचा खर्च कुणाचा हे दोघांच्या घरच्यांसमोर बोलून घ्या. नात्यातच देत असाल तर आणखी नक्की बोला.

घरी आणल्यावर

जनावर उतरवल्या उतरवल्या खुराक घालू नका. आधी पाणी, तेही थोडं थोडं, मग सुकं गवत. पहिल्या दिवशी खात नाही म्हणून लगेच इंजेक्शनं टोचायला बोलावणारे आहेत. प्रवासाने दमलेल्या जनावराला सावली आणि शांतता द्या, बहुतेक दुसऱ्या दिवशी तोंड लावतं. दुसऱ्या दिवशीही रवंथ नसेल, नाक सुकं असेल, तोंडातून लाळेच्या तारा लोंबत असतील, तर मात्र तासाभराचाही उशीर न करता पशुवैद्याला बोलवा.

आणि तीन आठवडे ते बाकीच्या गुरांत मिसळू देऊ नका. तातय नवं जनावर कुंपणापाशी नारळाखाली बांधतात, त्याची बादली वेगळी ठेवतात आणि वैरण घालायला त्याच्याकडे सगळ्यांत शेवटी जातात. गेल्या महिन्यात आणलेला खोंड अजून तिथंच आहे. काल संध्याकाळी त्याने पहिल्यांदा माझ्या हातातून पेंड खाल्ली. रविवारी त्याला आत घेऊ.