फाईल कुठे थांबते ते आधी पाहा
सनदी लेखापालांच्या कार्यालयात मासिक जीएसटी विवरणपत्रांची ११ आणि २० तारीख जवळ आली की सगळे रात्री उशिरापर्यंत बसतात. परंतु त्या धावपळीचे मूळ बहुधा कामाच्या वेगात नसून फाईल पडून राहण्यात असते. टोयोटाच्या ताईइची ओहनो यांनी कारखान्यातील अपव्ययाचे जे ७ प्रकार सांगितले, त्यांत ताटकळणे हाही एक होता, आणि आमच्यासारख्या कागदी कामात तो मला सर्वांत महागडा वाटतो.

म्हणून एक महिना प्रत्येक फाईलवर एक चिठ्ठी लावावी आणि तिच्यावर कागद आल्याची, काम हाती घेतल्याची, अशिलाला शंका विचारल्याची, उत्तर आल्याची, तपासणीस दिल्याची व विवरणपत्र भरल्याची तारीख ज्याने त्याने त्याच क्षणी लिहावी. दोन-तीन तासांचे काम नऊ-दहा दिवस रेंगाळलेले दिसले, तर कोणत्या दोन तारखांमध्ये अंतर पडले ते पाहावे.

अंतर अशिलाकडे पडत असेल, तर आज खरेदीचे एक बिल, उद्या बँकेचे विवरण असे तुकड्यांनी न मागता संपूर्ण फाईल एकदा चाळून सर्व शंका एकाच पत्रात विचाराव्यात. तपासणीसाठी वरिष्ठांच्या टेबलावर गठ्ठा साचत असेल, तर मात्र सहायकांना घाई करून काहीही साधत नाही. वरिष्ठांनी रोज सकाळचा एक तास केवळ तपासणीसाठी राखावा, आणि त्या गठ्ठ्यात पाच फायली झाल्या की सहायकांनी नवी फाईल उघडू नये.